सर्दी, पुरळ की ॲलर्जी? : मुलांच्या ॲलर्जीबद्दल वाचकांचे प्रश्न

मुलांच्या ॲलर्जीबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक पत्रांत एक माहिती राहून गेली आहे. काय झालं ते सविस्तर लिहिलंय, पण कधी झालं ते नाही. खाल्ल्यावर किती मिनिटांनी ओठ सुजले? पुरळ किती तास टिकलं? तोच पदार्थ पुन्हा खाल्ल्यावर पुन्हा तसंच झालं का? ॲलर्जी ओळखायला या उत्तरांची जेवढी मदत होते, तेवढी रक्ताच्या रिपोर्टचीही होत नाही. म्हणून पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात वेळेचा हिशेब आलेला आहे.

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची आहे. तीन महिने झाले, नाक वाहणं थांबत नाही. सर्दीचं औषध दिलं की चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा सुरू. ही सर्दीच आहे की ॲलर्जी?

उत्तर : लहान मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच आहे, आणि नुकतंच शाळेत जायला लागलेल्या मुलाला त्याहूनही जास्त वेळा होऊ शकते. एक सर्दी पुरती जायला दहा दिवस, कधी दोन आठवडे लागतात. दोन सर्द्या लागोपाठ आल्या की महिनाभर नाक वाहतंय असंच वाटतं. त्यामुळे पहिल्यांदा हे पाहा, की मधल्या काळात चार-आठ दिवस तरी नाक पूर्ण कोरडं होतं का? होत असेल, तर बहुधा एकामागून एक सर्द्या होताहेत.

सर्दीला चढ-उतार असतो. घसा दुखतो, थोडा ताप येतो, मूल मलूल होतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी नाक सगळ्यात जास्त चोंदतं, आधी पाण्यासारखा असलेला शेंबूड घट्ट आणि पिवळट होतो आणि मग ओसरतो. ॲलर्जीत असं काही घडत नाही. आठवडेच्या आठवडे नाकातून नितळ पाणी गळतं, ताप नसतो, मूल मजेत खेळत असतं. सकाळी उठल्याउठल्या पाच-सात शिंका सलग येतात. आणि खाज असते. आमच्या मते सगळ्यात भरवशाची खूण हीच.

साडेतीन वर्षांचं मूल ‘नाक खाजतंय’ असं सांगेलच असं नाही. ते तळहाताने नाकाचा शेंडा खालून वर घासतं, नाक मुरडतं, डोळे चोळतं, टाळू खाजते म्हणून जीभ टाळूला लावून घशातून ‘टक्‌टक्’ किंवा ‘खर्र’ असा आवाज काढतं. पालकांना ती वाईट सवय वाटते आणि मुलाला ओरडा बसतो. महिनोन्‌महिने नाक असं वर ढकललं गेलं की शेंड्याच्या जरा वर, मऊ भागावर, एक आडवी बारीक रेघ उमटते. मुलीला खिडकीशी उभं करून उजेडात नीट पाहा. डोळ्यांखाली निळसर-काळपट छटा आहे का, तेही बघा. नाक आतून सुजलं की तिथल्या शिरांमधलं रक्त तुंबतं, म्हणून ती छटा येते. झोप कमी पडते किंवा अंगात रक्त कमी आहे असा अर्थ त्यावरून लगेच काढू नका. मूल तोंड उघडं ठेवून श्वास घेतं का, झोपेत घोरतं का, हेही लिहून ठेवा. रोज घोरणाऱ्या मुलाच्या नाकामागच्या ग्रंथीही वाढलेल्या असू शकतात, त्या तपासून घ्याव्या लागतात.

औषधाने चार दिवस बरं वाटतं यावरून काहीच ठरत नाही. सर्दीच्या मिश्र औषधांत बहुतेकदा जुन्या पिढीचं, झोप आणणारं अँटिहिस्टॅमिन (ॲलर्जीवरचं औषध) असतं. ते कोणतंही वाहतं नाक थोडंफार सुकवतं. मूल पेंगतं आणि मूळ कारण तसंच राहतं. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंबही पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नका. त्यानंतर थेंब बंद केले की नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब, असं चक्र सुरू होतं.

एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकू नका. शेंबूड एकाच नाकपुडीतून येत असेल आणि त्याला घाण वास असेल, तर ॲलर्जीचा विचार बाजूला ठेवा. मुलाने मणी, खोडरबराचा तुकडा किंवा स्पंज नाकात घातलेला असू शकतो. लहान गोल बॅटरीची शंका असेल तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. ती काही तासांत नाकाचा पडदा जाळते.

प्रश्न : मुलाला धुळीची ॲलर्जी असल्याचं निदान झालं. आम्ही रोज दोनदा झाडतो, तरी फरक नाही. नाकाचा स्प्रेही आठवड्यात बंद केला, कारण उपयोग झाला नाही.

उत्तर : धुळीची ॲलर्जी बहुतेक वेळा धुळीतल्या किड्यांची असते. हे किडे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. माणसाच्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कणांवर ते जगतात आणि त्यांना दमटपणा लागतो. त्यांचं मुख्य घर गादी, उशी आणि पांघरूण. जमीन रोज दोनदा झाडून त्यांचं काही बिघडत नाही, उलट कोरड्या झाडूने त्यांच्या विष्ठेचे कण हवेत उडतात. ओल्या फडक्याने पुसा आणि त्या वेळी मुलाला दुसऱ्या खोलीत ठेवा.

लक्ष झोपण्याच्या जागेवर द्या, कारण मूल रोज नऊ-दहा तास तिथे नाक खुपसून असतं. उशी आणि गादीला पूर्ण बंद होणारी, चेन असलेली, किडे आरपार जाऊ न देणारी खोळ घाला. चादरी, अभ्रे, पांघरूण आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा. थंड पाण्यात किडे मरत नाहीत. गरम पाणी न चालणारं मऊ खेळणं पिशवीत घालून २४ तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग धुवा. गोठवल्याने किडे मरतात, पण ॲलर्जी करणारे कण धुतल्याशिवाय जात नाहीत. खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर किड्यांची वाढ मंदावते, पण प्रत्येक हवामानात ते जमेलच असं नाही. यातला एकच उपाय केला तर फारसा फरक दिसत नाही. सगळे मिळून आणि सतत करावे लागतात.

स्प्रेबद्दल. स्टिरॉइडच्या नाकातल्या स्प्रेचा पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडे लागू शकतात, आणि तो रोज घ्यावा लागतो. तुम्ही तो ऐन गुण येण्याच्या वेळी सोडलात. मारण्याची पद्धतही तपासा. आधी नाक शिंकरून किंवा सलाइनने स्वच्छ करा. मुलाने मान मागे टाकायची नाही, हनुवटी जराशी खाली. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा, म्हणजे नळीचं टोक आपोआप बाहेर, कानाच्या दिशेने राहतं. मधल्या पडद्यावर फवारा बसला की तिथे जळजळ होते आणि घोळणा फुटतो. फवारल्यावर जोरात हुंगायचं नाही. औषध घशात उतरून त्याची चव लागली, तर ते नाकात थांबलंच नाही असं समजा. डोस आणि किती दिवस घ्यायचा, हे डॉक्टरांशी पुन्हा बोलून ठरवा.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाला रात्री दोन-तीन वाजता खोकल्याची उबळ येते. दिवसा ठीक असतो. ही ॲलर्जी म्हणायची का?

उत्तर : दम्याची शक्यता तपासून घ्या. रात्री उशिरा किंवा पहाटे, पळाल्यावर, खूप हसल्या-रडल्यावर, थंड हवेत किंवा धुरात खोकला येणं, छातीतून शिट्टीसारखा आवाज येणं आणि घरात कोणाला दमा, इसब किंवा ॲलर्जी असणं, यांतल्या जितक्या गोष्टी जुळतील तितकी शंका बळावते. ॲलर्जीची सर्दी आणि दमा पुष्कळदा एकाच मुलात असतात. सहाव्या वर्षी मूल फुंकर मारून श्वासाची तपासणी बऱ्यापैकी करू शकतं. रात्रीच्या खोकल्याचा आणि श्वासाचा एका मिनिटाचा मोबाइल व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा, कारण दिवसा तपासताना छाती अगदी स्वच्छ लागते. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, तर सकाळपर्यंत थांबू नका.

प्रश्न : मुलीला तापात अँटिबायोटिक दिलं. पाचव्या दिवशी अंगभर पुरळ आलं. आता ‘त्या औषधाची ॲलर्जी’ असं फाइलवर लिहिलंय. एरवीही तिच्या अंगावर कधी कधी पित्त उठतं. कशाची ॲलर्जी असेल?

उत्तर : दोन वेगळे प्रश्न आहेत, आधी पित्ताचं बघू. पित्ताच्या गांधी उठतात त्या फुगीर, मध्ये फिकट, कडेने लाल आणि खूप खाजणाऱ्या असतात. एक गांध २४ तासांत मागमूस न ठेवता जाते आणि दुसरीकडे नवी उठते. हे तपासायचं असेल तर एका गांधीभोवती पेनने रेघ काढा आणि सकाळी पाहा. गांध तिथेच असेल, दोन-चार दिवस टिकत असेल, मध्ये बारीक टोचल्याचा ठिपका असेल, तर ते बहुधा किडा-डास चावल्याचं आहे. लहान मुलांत अंगावर पित्त उठण्याचं सगळ्यात मोठं कारण खाणं नसून विषाणूंचा संसर्ग आहे. सर्दी-तापाबरोबर किंवा तो ओसरल्यावर आलेलं पित्त काही दिवस, कधी काही आठवडे येत-जात राहतं. त्या काळात मुलीने खाल्लेला प्रत्येक पदार्थ एकेक करून बंद करत गेलात, तर शेवटी तिच्या ताटात काही उरणार नाही आणि पित्त तरीही उठेल.

अन्नाच्या ॲलर्जीचं पित्त वेगळ्या पद्धतीने वागतं. खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत उठतं, आणि तोच पदार्थ खाल्ला की पुन्हा उठतं. काल रात्री खाल्लेल्या पदार्थामुळे आज दुपारी पित्त आलं, हे क्वचितच खरं असतं. टोमॅटो किंवा आंबट फळ खाल्ल्यावर फक्त ओठांभोवती, जिथे रस लागला तिथेच लाली आली आणि तासा-दोन तासांत गेली, तर बहुतेक वेळा ती रसाने त्वचा चुरचुरण्याची असते. खाण्याआधी तोंडाभोवती पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावून पाहा.

आता अँटिबायोटिक. पेनिसिलिन गटाच्या औषधाची ॲलर्जी असल्याचा शिक्का बसलेल्या मुलांची नीट तपासणी केली, तर दहातल्या नऊहून जास्त जणांना ती नसतेच. पुरळ मुळात विषाणूचं असतं. शिक्का मात्र आयुष्यभर राहतो आणि दर आजारात दुसरं, जास्त तीव्र, कधी कमी गुणकारी औषध वाट्याला येतं. म्हणून तीन गोष्टी आजच लिहून ठेवा: औषधाचं नाव, शेवटच्या डोसनंतर किती वेळाने पुरळ आलं, आणि ते कसं होतं (त्याचा फोटो उत्तम). पुरळ सपाट, फार न खाजणारं आणि चौथ्या-पाचव्या दिवसानंतर आलेलं असेल, तर ॲलर्जीतज्ज्ञांकडे ‘हा शिक्का काढता येईल का’ असं स्पष्ट विचारा. तपासणी होईपर्यंत ते औषध स्वतःहून देऊन पाहू नका. डोळे-तोंड सोलवटलं असेल, फोड आले असतील किंवा सांधे सुजले असतील, तर ते औषध पुन्हा देऊन बघण्याचा प्रश्नच येत नाही.

तापात आलेल्या कोणत्याही पुरळावर पारदर्शक काचेचा पेला दाबा. दाबल्यावर ठिपके फिके झाले नाहीत, तर ती ॲलर्जी समजून घरी थांबू नका, लगेच रुग्णालयात न्या.

प्रश्न : बाळ अडीच महिन्यांचं, फक्त अंगावर पितं. शीमध्ये रक्ताचे बारीक धागे दिसतात. बाळ हसतं, वजन वाढतंय. एकांनी सांगितलं, लॅक्टोज पचत नाही, दूध तोडा.

उत्तर : स्तनपान थांबवू नका. लॅक्टोज ही दुधातली साखर आहे. ती पचली नाही तर पोट फुगतं, आंबूस पाण्यासारखी शी होते, पण रक्त पडत नाही. जन्मापासून लॅक्टोज न पचणं अत्यंत दुर्मीळ. जुलाबानंतर काही आठवडे ते पचायला जड जाऊ शकतं, एवढंच. दुधाची ॲलर्जी दुधातल्या प्रथिनाची असते आणि आई दूध-दही खात असेल तर त्या प्रथिनाचा अगदी थोडा अंश तिच्या दुधात उतरतो. वजन वाढणाऱ्या, आनंदी बाळाच्या शीत चिकट स्रावाबरोबर रक्ताचे धागे दिसणं, हे चित्र या ॲलर्जीशी जुळतं.

पण आधी बाळाला डॉक्टरांना दाखवा. शीच्या जागी चीर पडली असेल किंवा आतड्याला संसर्ग असेल, तरी रक्त येतं. आणि बाळ थांबून थांबून कळवळून रडत असेल, पाय पोटाशी घेत असेल, मध्येच पांढरं पडत असेल, हिरवी उलटी होत असेल किंवा जेलीसारखी लाल शी झाली असेल, तर आतड्यात आतडं अडकल्याची शंका असते. तिथे तासांना महत्त्व आहे.

डॉक्टरांना दुधाची ॲलर्जी वाटली तर आईने दूध आणि दुधाचे सगळे पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करायचे असतात. बिस्किटं, ब्रेड, चॉकलेट यांच्या वेष्टनावर दुधाची भुकटी, व्हे, केसीन हे शब्दही शोधावे लागतात. बहुतेकदा एक-दोन आठवड्यांत रक्त थांबतं. यानंतरची पायरी बहुतेक जणी घाबरून गाळतात: आईने पुन्हा दूध घ्यायला सुरुवात करून रक्त परत येतं का ते पाहायचं. आलं तरच निदान पक्कं. पुष्कळ बाळांचं रक्त आपोआपच थांबतं आणि आई मात्र वर्षभर विनाकारण दूध टाळत राहते. दूध बंद असेपर्यंत आईला दिवसाला साधारण १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतंय ना, हे पाहावं लागतं. अशा ॲलर्जीत त्वचेची किंवा रक्ताची चाचणी सहसा निगेटिव्ह येते, त्यामुळे तिच्यावर विसंबू नका.

गाईऐवजी शेळीचं किंवा म्हशीचं दूध चालेल का, असंही काहींनी विचारलं आहे. चालत नाही. प्रथिनं इतकी सारखी असतात, की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना त्यांचाही त्रास होतो. आणि ‘लॅक्टोज-फ्री’ दुधात फक्त साखर काढलेली असते, प्रथिन पूर्ण असतं.

प्रश्न : आठ महिन्यांच्या बाळाच्या गालांवर, हातांवर इसब आहे. दूध, अंडं, गहू बंद केलं, तरी कमी होत नाही.

उत्तर : कारण बहुतेक मुलांच्या इसबाचं मूळ अन्नात नसतं. त्यांची त्वचा ओलावा धरून ठेवत नाही, ती कोरडी पडते, खाजते, खाजवल्याने आणखी फाटते. उपचाराचा पाया मलम हाच आहे, आणि तो जवळजवळ प्रत्येक घरात कमी पडतो. अंगभर कोरडेपणा असलेल्या बाळाला आठवड्याला सुमारे २५० ग्रॅम साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लागतं. ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल, तर उपचार सुरूच झालेला नाही. अंघोळ कोमट पाण्याने, पाच ते दहा मिनिटं. टिपून घ्या आणि त्वचा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत मलम लावा. लाल, खाजऱ्या जागी डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइडचं मलम बोटाच्या शेवटच्या पेराएवढं, म्हणजे अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरतं. घाबरून पुसट बोट फिरवलं की इसब जात नाही आणि मलम जास्त दिवस लावावं लागतं.

अन्न बंद करण्यात एक मोठा धोका आहे, तो फार कमी पालकांना सांगितला जातो. इसब असलेलं मूल एखादा पदार्थ नीट खात असताना तो महिनोन्‌महिने बंद ठेवला, तर शरीराची त्या पदार्थाची सवय मोडते आणि पुन्हा दिल्यावर कधी कधी खरीखुरी, झटपट रिॲक्शन येते. तुमच्या बाळाचं दूध, अंडं, गहू बंद होऊन किती दिवस झाले ते मोजा आणि ते परत कसं सुरू करायचं, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. इसब लवकर सुरू झालेलं आणि तीव्र असेल, मलम नीट लावूनही आटोक्यात येत नसेल, तर अन्नाच्या ॲलर्जीची तपासणी करणं योग्यच.

प्रश्न : रक्ततपासणीत तब्बल चौदा पदार्थ पॉझिटिव्ह आले. मूल त्यातले बहुतेक रोज खातं. सगळे बंद करू?

उत्तर : जे पदार्थ मूल त्रास न होता खातंय, ते बंद करू नका. पॉझिटिव्ह रिपोर्टचा अर्थ एवढाच, की शरीराने त्या पदार्थाविरुद्ध आयजीई प्रतिपिंड बनवले आहेत. खाल्ल्यावर त्रास होतो की नाही, हे रिपोर्ट सांगत नाही. धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असलेल्या मुलाचा कोळंबीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो, कारण दोघांत एक सारखं प्रथिन आहे. गवताच्या परागांची ॲलर्जी असेल तर गहू पॉझिटिव्ह येतो. मूल दोन्ही मजेत खात असतं.

चाचणी प्रश्नाला धरून करायची असते. अंडं खाल्ल्यावर दहा मिनिटांत ओठ सुजले, म्हणून अंड्याची चाचणी. शंभर पदार्थांची यादी एकदम तपासली की खोटे इशारेच जास्त हाती लागतात. आयजीजी नावाच्या चाचणीवरून ‘अन्न सोसत नाही’ असं सांगणाऱ्या रिपोर्टवर तर पैसे घालवूच नका. आयजीजी वाढलेलं असणं म्हणजे मुलाने तो पदार्थ खाल्लेला आहे, इतकंच. त्वचेवरच्या टोचणी-चाचणीत १५ ते २० मिनिटांनी ३ मिलिमीटर किंवा मोठी गांध उठली तर ती पॉझिटिव्ह धरतात. तिच्या आधी साधारण आठवडाभर अँटिहिस्टॅमिन बंद ठेवावं लागतं, नाहीतर खोटा निगेटिव्ह येतो. शंका उरलीच, तर रुग्णालयात देखरेखीखाली तो पदार्थ थोडा थोडा वाढवत खायला देतात. शेवटचा शब्द त्या चाचणीचा.

प्रश्न : मोठ्या मुलाला अंड्याची ॲलर्जी आहे. धाकटी सहा महिन्यांची झाली. तिला अंडं, शेंगदाणे तीन वर्षांपर्यंत देऊ नयेत का?

उत्तर : हा सल्ला जुना झाला. इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांवर झालेला, २०१५ साली प्रसिद्ध झालेला लीप अभ्यास त्याला कारण आहे. चार ते अकरा महिन्यांच्या वयात शेंगदाणे सुरू करून ते चालू ठेवलेल्या मुलांत पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ३ टक्के निघाली. टाळणाऱ्यांत ती १७ टक्के होती. थांबल्याने संरक्षण मिळत नाही, उलट धोका वाढतो.

धाकटीला स्वतःला तीव्र इसब नसेल आणि कशाचीही रिॲक्शन आलेली नसेल, तर वरचं अन्न खायला लागल्यावर घरीच सुरू करा. अख्खा किंवा जाडसर भरडलेला दाणा नको, तो घशात अडकतो. अख्खे दाणे पाच वर्षांपर्यंत देऊ नका. दोन छोटे चमचे गुळगुळीत पीनट बटर तेवढ्याच गरम पाण्यात किंवा तिच्या नेहमीच्या मऊ खाण्यात सैल करून गार करा. आधी चमच्याच्या टोकावर येईल इतकंच द्या आणि दहा मिनिटं थांबा. काही झालं नाही तर बाकीचं हळूहळू. मूल बरं असतानाच, दिवसा, पुढचे दोन तास कोणीतरी लक्ष ठेवणार असेल तेव्हाच. अंडं पूर्ण उकडलेलं. एका दिवशी एकच नवा पदार्थ. आणि एकदा पचलं म्हणून सोडून द्यायचं नाही, आठवड्यातून दोन-तीनदा देत राहायचं. तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असल्याचं नक्की झालंय. गंभीर रिॲक्शन कशी ओळखायची? आधी ॲलर्जीची गोळी देऊन पाहावं का?

उत्तर : आधी सौम्य रिॲक्शन. तोंडाभोवती किंवा अंगावर गांधी, ओठ-पापण्यांना सूज, तोंडात खाज, एखादी उलटी. मूल नीट बोलतंय, श्वास शांत आहे. इथे डॉक्टरांनी लिहून दिलेलं अँटिहिस्टॅमिन द्या, पण मुलाला नजरेआड करू नका. सौम्य वाटणारी रिॲक्शन काही मिनिटांत पालटू शकते.

पुढचं काहीही दिसलं तर ती गंभीर समजायची: आवाज घोगरा होणं, गिळताना त्रास, जीभ सुजणं, सतत कोरडा खोकला, श्वासात शिट्टी किंवा घरघर, पांढरंफटक पडणं, अंग ढिलं पडणं, चक्कर, शुद्ध हरपणं. पित्त उठल्यावर त्याबरोबर वारंवार उलट्या आणि पोटात तीव्र कळा आल्या, तरीही. त्वचेवर काहीच नसेल तरीही. काही मुलांत गांधी उठतच नाहीत आणि तिथेच पालक फसतात. बाळाला सांगता येत नाही, म्हणून त्याच्यात अचानक लाळ गळणं, रडण्याचा आवाज बसणं, कान किंवा जीभ ओढणं, एकदम गळून जाणं किंवा पेंगणं याकडे लक्ष द्या.

अशा वेळी औषध एकच, ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर. गोळीने खाज कमी होते, तीही अर्ध्या-पाऊण तासाने. सुजलेला घसा आणि पडलेला रक्तदाब तिच्याने सुधारत नाही. गोळीचा परिणाम पाहत थांबण्यात जो वेळ जातो, तो मुलाच्या जिवावर बेततो.

डॉक्टरांनी ॲड्रेनॅलिनचं आपोआप टोचणारं पेन दिलं असेल, तर ते मुलाच्या साधारण १५ किलो वजनापासून ०.१५ मिलिग्रॅमचं आणि २५-३० किलोच्या पुढे ०.३ मिलिग्रॅमचं असतं. मुलाचं वजन वाढलं की पेनाची ताकदही बदलावी लागते. मूल पाय झाडेल म्हणून पाय घट्ट धरा, पेन कपड्यावरूनही चालतं, आणि पेनावर लिहिलेत तेवढे सेकंद दाबून ठेवा. लगेच रुग्णवाहिका बोलवा आणि फोनवर ‘गंभीर ॲलर्जी’ असे शब्द वापरा. मुलाला आडवं करून पाय उंच ठेवा. दम लागला असेल तर बसतं राहू द्या, पाय पसरून. उलटी होत असेल किंवा शुद्ध नसेल तर कुशीवर. उठवून चालवू नका, कडेवर उभं धरून पळू नका. अचानक उभं केल्याने रक्तदाब आणखी घसरतो आणि हृदय थांबू शकतं. पाच मिनिटांत सुधारणा नसेल तर दुसरा डोस द्या. सगळं शांत झालं तरी रुग्णालयात काही तास देखरेख लागते, कारण लक्षणं पुन्हा उसळू शकतात.

पेन नसेल तर वेळ न दवडता जिथे ॲड्रेनॅलिन मिळेल अशा जवळच्या रुग्णालयात न्या, मुलाला आडवं ठेवूनच. गंभीर ॲलर्जी असलेल्या मुलाच्या पालकांनी हे रुग्णालय कोणतं, ते आधीच ठरवून ठेवावं. पेन असताना इंजेक्शन द्यावं की न द्यावं असा संभ्रम पडला तर द्या. एका डोसने छाती धडधडेल, हात थरथरतील, ते थोड्या वेळात ओसरतं.

प्रश्न : ॲलर्जी मोठेपणी जाते का? तोवर शाळेत काय सांगून ठेवावं?

उत्तर : दूध आणि अंड्याची बहुतेकांची जाते, पुष्कळदा शाळेच्या वयात. शेंगदाण्याची पाचातल्या एखाद्याचीच. म्हणून डॉक्टर सांगतील तेवढ्या अंतराने तपासणी करत राहा. गेलेली ॲलर्जी कळलीच नाही म्हणून वर्षानुवर्षं पथ्य पाळणारी मुलंही असतात.

शाळेला एका पानाचं पत्रक द्या. त्यावर मुलाचा फोटो, नक्की कशाची ॲलर्जी, सौम्य आणि गंभीर लक्षणं दोन रकान्यांत, कोणत्या लक्षणाला कोणतं औषध आणि दोन फोन नंबर. ‘ॲलर्जी आहे, काळजी घ्या’ एवढंच लिहिलेलं पत्र शिक्षकांच्या उपयोगाचं नसतं. डबा वाटून खायचा नाही आणि तोंड खाजलं की लगेच मोठ्यांना सांगायचं, हे मुलाला शिकवा. पेन कुलपात ठेवू देऊ नका. ते मूल जिथे असेल तिथे, खेळाच्या तासालाही, बरोबर हवं. ते फ्रीजमध्ये किंवा उन्हात तापलेल्या गाडीत ठेवायचं नसतं. द्रावण दिसणारी खिडकी असेल तर महिन्यातून एकदा पाहा: गढूळ किंवा तपकिरी दिसलं, तर पेन बदला. वापराची अंतिम तारीख पत्रकावरही लिहा आणि तिच्या महिनाभर आधीची आठवण मोबाइलमध्ये लावून ठेवा.